जुन्या घरास नवी खोली

नवें घर कसें बांधावें याविषयीं लिहिलेलें पुष्कळ वाचावयास मिळतें. परंतु बांधलेल्या घरास एखादी खोली जोडणें हा जो नित्याचा प्रसंग, त्याविषयीं कोणी फारसें लिहीत नाहीं. वास्तविक कुटुंब वाढलें, कोणी अंथरुणास खिळलें, मुलें अभ्यासाला निराळी जागा मागूं लागलीं, म्हणजे आहे त्या घरांत भर घालण्याचा विचार बहुतेक घरीं एकदां तरी होतोच. गतवर्षीं तो प्रसंग आमच्यावर आला. त्या वेळीं जें शिकावयास मिळालें तें विद्यार्थी व पालक या दोघांसही उपयोगी पडेल असें वाटून येथें देत आहों.

आमचें घर अहिल्यानगरास, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगरास, आहे. तें वडिलांच्याही आधींचें. काळ्या दगडाच्या जाड भिंती, वर मंगलोरी कौलें. पुढें उत्तरेस ओटी, मागें पूर्वेकडे माजघर व पश्चिमेकडे स्वयंपाकघर, आणि त्यांच्या दक्षिणेस परसू. न्हाणीघर व शौचकूप परसांत, तीन पायऱ्या उतरून. आमच्या मातोश्रींचें वय ऐंशीच्या घरांत आहे. आदल्या पावसाळ्यांत एका रात्रीं त्या पायऱ्यांवरून घसरल्या. हाड मोडलें नाहीं; पण हातीं वॉकर आला, आणि जन्मांत ज्यांनीं कोणाकडे पाण्याचा पेलाही मागितला नाहीं त्यांस रात्रीं उठावयाचें म्हणजे कोणास तरी हाक मारणें भाग पडलें. त्या हाक मारीत नसत. दिवेलागणीनंतर पाणी पिणेंच त्यांनीं सोडून दिलें होतें. हें आमच्या ध्यानांत यावयास महिना लागला, याची आम्हांस अजून लाज वाटते.

आमचा पहिला बेत मोठा होता. घरावर एक मजला चढवावा, आपण मुलांसह वर जावें, आणि खालीं ओटीलगत मातोश्रींची सोय करावी. ओळखीच्या गवंड्यानें तोंडी अंदाजही सांगितला. पण दहा वर्षांपूर्वीं अशाच तोंडी हिशेबानें ओटीच्या बाजूस आम्हीं एक खोली काढविली होती. तिसऱ्या पावसाळ्यांत जुन्या व नव्या भिंतींच्या सांध्यांत बोट जाईल एवढी भेग पडली, आणि तेव्हांपासून दर आषाढांत तेथें तीन पातेलीं मांडून ठेवावीं लागतात. यांत गवंड्यास दोष देतां येत नाहीं. आम्हीं जें सांगितलें तें त्यानें केलें. काय सांगावयास पाहिजे होतें हें आम्हांस ठाऊक नव्हतें, एवढेंच. म्हणून या खेपेस आर्किटेक्टकडे जाण्याचें ठरलें.

आर्किटेक्ट म्हणजे नकाशे काढून देणारा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. १९७२ च्या आर्किटेक्ट कायद्याप्रमाणें ज्याचें नांव कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या नोंदींत आहे त्यासच ही पदवी लावतां येते. महाविद्यालयांतील त्याचा अभ्यास पांच वर्षांचा असतो. भिंत किती भार सोसेल याचें गणित स्ट्रक्चरल इंजिनिअर करतो, बांधकाम ठेकेदार व गवंडी करतात. परंतु घर कोणासाठीं, कसें व कोठें उभें राहावयाचें हें ठरविण्याचें काम आर्किटेक्टचें. शहरांत अशा जोडकामास महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याखालीं परवानगी लागते. जागा आपली व पैसा आपला, मग विचारावयाचें कोणास, असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. परंतु शेजाऱ्याच्या वाऱ्याउजेडाचा व सांडपाण्याचा प्रश्न आपल्या कुंपणाशीं थांबत नसतो.

आमच्याकडे आलेल्या आर्किटेक्ट बाई वयानें लहान होत्या. त्यांनीं आल्याबरोबर कागद उघडला नाहीं. माजघरांत जाऊन त्या मातोश्रींच्या शेजारीं बसल्या. “आजी, सकाळीं उठल्यावर आधीं कुठें बसतां?” असें त्यांनीं विचारलें. आम्हांला तो प्रश्न वेळ घालविण्यासारखा वाटला. मातोश्रींनीं खिडकी दाखविली. माजघरास दक्षिणेकडे एकच खिडकी आहे. थंडीच्या दिवसांत तेथें सकाळभर ऊन येतें, आणि मातोश्री त्या उन्हांत बसून तांदूळ निवडतात, वाचतात, येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करतात. बाईंनीं तें वहींत टिपून घेतलें व मग मोजमापास आरंभ केला. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनें त्यांनीं जुन्या फरशीची व परसाची पातळी ताडून पाहिली. नळीच्या दोन्ही टोकांस पाणी एकाच उंचीवर राहतें हा पाठ आमचे विद्यार्थी शिकतातच. फरशी परसापेक्षां दीड फूट उंच भरली.

दुसऱ्या दिवशीं त्यांनीं मागील भिंतीलगत एक खड्डा खणावयास लावला, आणि भिंतीचा गिलावाही एके ठिकाणीं काढून पाहिला. भिंत दोन फूट जाड. पण ती सबंध दगडाची नव्हती. बाहेरून एक थर, आंतून एक थर, आणि मध्यें मातीगोट्यांची भरती. दोन थरांस एकत्र बांधणारे आरपार दगड कोठें दिसले नाहींत. अशा भिंती नुसत्या जाडीमुळें बळकट वाटतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत लातूर व धाराशिव भागांतील हजारों माणसें दगडमातीच्या अशाच जाड भिंतींखालीं व मातीच्या जड धाब्यांखालीं सांपडलीं. इंजिनिअरांनीं येऊन पाहिलें आणि वर मजला नको असें स्पष्ट सांगितलें. बाजूनें स्वतंत्र खांब उभारून मजला करतां आला असता. पण तो खर्च आमच्या आवांक्याबाहेर होता. मुलांची वरची अभ्यासाची खोली अशा रीतीनें त्या खड्ड्यांत गेली. त्याबद्दल घरांत दोन दिवस अबोला होता.

मग आम्हीं स्वतःच एक नकाशा काढला. परसांतली सगळी रुंदी घेऊन, मागच्या भिंतीस चिकटवून, दहा फुटांची खोली. जागा जराही वाया जात नव्हती, याचा आम्हांस अभिमान वाटला. बाईंनीं तो पाहून एवढेंच विचारलें, “सर, आजींच्या खिडकीचं काय?” तें आमच्या ध्यानांतच आलें नव्हतें. जी खोली मातोश्रींसाठीं बांधावयाची, तीच त्यांचें ऊन बंद करणार होती. घरास जोडलेली प्रत्येक खोली जुन्या घराकडून कांहीं तरी घेते. काय घेते हें नकाशावर नव्या खोलीच्या रेघा पाहतांना दिसत नाहीं, कारण आपली नजर नव्याकडेच असते.

“मग भिंत सहा फूट दूर नेऊं,” असें आम्ही म्हणालों. बाईंनीं वाद घातला नाहीं. डिसेंबरचा तिसरा आठवडा होता. त्यांनीं दहा फूट उंचीचा बांबू आणवून, आमच्या नकाशांत भिंत येत होती तेथें तो परसांत उभा करविला, आणि दिवसभर त्याची सावली पाहत राहण्यास सांगितलें. साडेनऊच्या सुमारास सावली अठरा फूट लांब होती. साडेबारा वाजतां, म्हणजे ती सर्वांत आंखूड असते तेव्हांही, नऊ फुटांहून थोडी अधिकच भरली. सहा फुटांचें अंतर पुरणार नव्हतें हें धाकट्या मुलीनेंही ओळखलें. पण सावलीची दिशाही तिनें टिपून ठेवली होती. हिवाळ्यांत सूर्य आग्नेयेकडून वर येतो, म्हणून सकाळची सावली वायव्येकडे पडते. अर्थात् खोली परसाच्या पश्चिम कोपऱ्यांत, स्वयंपाकघराच्या मागें नेली, आणि पूर्वेकडचें अर्धें परसू मोकळें ठेवलें, तर खिडकीचें सकाळचें ऊन कायम राहतें. स्वयंपाकघरास पश्चिमेची दुसरी खिडकी होतीच. खोली लहान झाली खरी. पण नकाशांतील शंभर रेघांपेक्षां तो बांबू आम्हांस अधिक पटला.

पुढील गोष्टी भराभर ठरल्या. नव्या खोलीची फरशी जुन्या फरशीच्या पातळीस आणली, म्हणजे पलंगापासून माजघराच्या खिडकीपर्यंत एकही पायरी नाहीं. परसांतून दीड फूट चढावयास उतरंड केली असती तर एकास बारा या प्रमाणानें ती अठरा फूट लांब करावी लागली असती. दारें तीन फूट मोकळीं ठेवलीं. न्हाणीघर व शौचकूप खोलीच्या पश्चिम अंगास, त्यामुळें उन्हाळ्यांतील तिसऱ्या प्रहराचा ताप आधीं त्यांच्या भिंती सोसतात. तेथें उंबरठा नाहीं, घडीव फरशी खरखरीत आहे, भिंतीस धरावयास नळ्या आहेत, आणि दार बाहेर उघडतें. आंत कोणी पडलें व दार आंतच उघडणारें असलें, तर पडलेल्या माणसाच्या अंगानेंच तें अडतें. ही साधी गोष्ट आजवर आम्हांस कोणी सांगितली नव्हती.

खोलीच्या दक्षिणेस चार फूट उंचीची खिडकी व तिच्या लगत वर दोन फुटांचा छज्जा आहे. डिसेंबरांत दुपारीं त्या छज्जाची सावली सुमारें सव्वादोन फूट उतरते, म्हणून खिडकीच्या खालच्या भागांतून ऊन आंत येतें; मार्चअखेर तीच सावली सुमारें सात फूट होऊन सगळी खिडकी झांकते.

सांध्याविषयीं मात्र सविस्तर सांगितलें पाहिजे, कारण आमचीं तीन पातेलीं तेथेंच मांडलेलीं असतात. आमच्याकडील काळी माती पाण्यानें फुगते व उन्हानें आकसून भेगाळते. तिच्यावर ठेवलेला पाया ऋतुमानाप्रमाणें वरखालीं होतो. म्हणून पाया काळ्या मातीखालीं कठीण मुरुमांत न्यावा लागतो. शिवाय जुनें घर बसावयाचें तितकें बसलेलें असतें, आणि नवें बांधकाम स्वतःच्या भारानें पुढें कांहीं काळ थोडेंथोडें बसत राहतें. अशीं दोन बांधकामें दगडांत दगड अडकवून एकजीव केलीं, म्हणजे एक बसतें, दुसरें बसत नाहीं, आणि भेग पडते. बाईंनीं नवी खोली स्वतःच्या चार भिंतींवर निराळी उभी केली. जुन्या व नव्या भिंतींत एक इंच फट मुद्दाम ठेवून ती वरून वांकविलेल्या पत्र्यानें झांकली, आणि छप्पर जुन्या घरापासून दूर उतरतें केलें. दहा वर्षांपूर्वीं आम्हीं दोन छपरांचें पाणी एकाच सांध्यांत आणून सोडलें होतें.

एका बाबतींत आमचें मत अजून बदललेलें नाहीं. बाईंनीं माळा काढूं दिला नाहीं. वरचें सामान काढावयास म्हातारें माणूस स्टुलावर चढतें, असें त्यांचें म्हणणें. वर्षाचे गहू कोठें ठेवावयाचे याचें उत्तर त्यांच्यापाशीं नव्हतें, व ते सध्यां आमच्या टेबलाखालीं आहेत.

परवानगीचा कागद हातीं यावयास अपेक्षेपेक्षां अधिक दिवस लागले. काम मे महिन्यांत संपत आलें. मध्यावर एके दिवशीं दुपारीं सूर्य अगदीं डोक्यावर आला, तेव्हां मुलांनीं तोच बांबू ओळंब्यानें सरळ उभा करून त्याची सावली नाहींशी झालेली पाहिली. जूनमध्यें पाऊस सुरू झाल्यावर आम्ही दिवा घेऊन नव्या सांध्याशीं जाऊन उभे राहिलों. तेथें ओल नव्हती. ओटीजवळचीं पातेलीं मात्र नेहमींप्रमाणें वाजत होतीं.

मातोश्री नव्या खोलींत झोपूं लागल्या, त्या पहिल्याच रात्रीं त्यांनीं उशाशीं पाण्याचा तांब्या भरून ठेवावयास सांगितला.