दोन बादल्यांचा हिशेब

यंदा दिवाळीच्या आवराआवरीत जिन्याखालची फळी रिकामी केली. गाडीचं सामान तिथं ठेवायची पद्धत वडिलांपासूनची. पुढे माझ्या बाटल्या, मागे त्यांच्या वस्तू. अगदी कोपऱ्यातून वॅक्सपोलचा गंजलेला डबा निघाला, आत दगड झालेलं पॉलिश. मग अर्धवट वापरून सोडलेले शाम्पू चार, डॅशबोर्ड चमकवायचे फवारे तीन, टायर काळे करायचं रसायन, ओरखडे ‘गायब’ करणारी ट्यूब, मेणाचे डबे. मोजले तर एकवीस नग. बायको म्हणाली, “एवढे तर माझ्या स्वयंपाकघरात मसाले नाहीत.” एकेक उचलून पाहताना वर्षं आठवत गेली, आणि हेही कळलं की यातल्या बहुतेक वस्तू मी उलट्या क्रमानं घेतल्या. आधी चमक घेतली, फडकं नंतर घेतलं. पाण्याचा विचार तर सगळ्यात शेवटी केला, आणि तोही औरंगाबादेत राहून.

१९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी वडिलांनी एक वापरलेली प्रीमियर पद्मिनी घेतली. तिला फियाट म्हणायचं, पद्मिनी कुणी म्हणत नसे. सिडकोतल्या आमच्या गल्लीतली ती दुसरी चारचाकी. रंग गडद निळा आणि रंगावर दुसरं काही नाही. तेव्हाच्या गाड्यांना वरचा पारदर्शक थर नसायचा. पॉलिश करताना फडकं निळं व्हायचं. ती घाण निघतेय असं समजून आम्ही आणखी जोर लावायचो. घाण कसली, गाडीचा रंगच थोडाथोडा फडक्यावर उतरत होता.

गाडी धुवायची नळाला पाणी येईल त्या दिवशी. पाणी जायकवाडीचं, पन्नासएक किलोमीटरवरून उपसून आणलेलं. सतराव्या शतकात मलिक अंबरनं या गावाला नहरीनं पाणी पुरवलं होतं. आम्ही सिडकोवाले हौदाच्या झाकणाला कान लावून पाण्याची वाट पाहत असू. हौद भरला की वडील एक बादली घ्यायचे, त्यात धुण्याची पावडर मूठभर टाकायचे आणि आई आतून ओरडायची, “अहो, धुणं व्हायचंय अजून, पाणी तिथंच संपवू नका!” दुसरी बादली मागायची त्यांची छाती व्हायची नाही. त्यामुळे साबण नीट निघत नसे आणि उन्हात वाळून पट्टे उमटत. त्या पट्ट्यांवर उपाय म्हणजे रॉकेल. बनियनचं फडकं रॉकेलमध्ये बुडवून सगळ्या अंगावरून फिरवलं की फियाट आरशासारखी. डांबराचे ठिपके तर त्यानं खरोखरच निघत. पण रॉकेल उडून गेलं तरी मागे तेलकट पदर राहतो, आणि आमच्या मुरमाच्या धुळीला तेवढाच पुरे. संध्याकाळी वडील कामावरून यायचे तेव्हा गाडी पिठात लोळवल्यासारखी दिसायची. खिडक्यांची रबरं फुगून सैल झाली, तेव्हा दोष उन्हाला दिला गेला.

डेंटिंग-पेंटिंगचे एक उस्ताद होते. त्यांनी एकदा गाडीवर हात फिरवून वडिलांना सांगितलं, “साब, इसको घासो नक्को. धूल पानी से जान्दो, फिर पुसो.” सुकी धूळ घासायची नाही, आधी पाण्यानं जाऊ द्यायची. गाडी धुण्यावर मी पुढं जे वाचलं, पाहिलं, त्याचा निम्मा अर्क या दोन वाक्यांत होता. वडिलांनी मान डोलावली आणि पुढच्या रविवारी पुन्हा रॉकेलची बाटली काढली. कुणाला हसावं? मीही पंचवीस वर्षांनी तेच केलं, फक्त माझी बाटली महाग होती.

नव्वदीच्या उत्तरार्धात पांढरी मारुती ८०० आली. पांढऱ्या रंगावर काही दिसत नाही, म्हणून त्या काळातलं सांगण्यासारखंही फारसं नाही. घरात बोअर घेतला, पाण्याची चणचण कमी झाली, पाइप लावून धुणं सुरू झालं. पाइपनं दहा मिनिटांत शंभर लिटर सहज जातात, हे तेव्हा कुणी मोजलं नाही. बोअरचं पाणी जड. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, तोट्यांवर पांढरे थर बसतात, हे आईला माहीत होतं. तेच पाणी काचेवर आणि बॉनेटवर वाळतं, हे पांढऱ्या गाडीनं आम्हाला कळू दिलं नाही.

२००१ पासून शेंद्र्याला स्कोडाची ऑक्टाव्हिया जुळवली जाऊ लागली आणि गावात गाड्यांबद्दलचं बोलणंच बदललं. मेटॅलिक रंग, वरचा क्लिअर कोट हे शब्द चहाच्या टपरीवर ऐकू यायला लागले. वाळूजच्या एका पेंट शॉपमध्ये काम करणाऱ्या मित्रानं मला वहीच्या पानावर काढून दाखवलं होतं: खाली पत्रा, मग प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यांत वर पारदर्शक लेप, साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. “चमक या लेपाची असते. तू रबिंग कंपाउंड मारतोस तेव्हा यातलाच थोडा कमी करतोस. पुन्हा भरता येत नाही,” तो म्हणाला. हे ऐकून मी काय करावं? २००८ मध्ये काळी गाडी घेतली.

काळी गाडी म्हणजे कबुलीजबाब. पहिल्याच हिवाळ्यात, सकाळच्या तिरप्या उन्हात, सगळ्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसले. कारणं दोन. एक, पहाटे येऊन गल्लीतल्या दहा गाड्या एकाच बादलीत, एकाच फडक्यानं पुसणारे काका. दुसरं, मी स्वतः: निघायच्या आधी झटकणीनं सुकी धूळ उडवायची माझी सवय. धुळीतले वाळूचे कण त्या लेपाहून टणक असतात, झटकणी त्यांना फक्त फिरवते. उस्तादांचं ‘घासो नक्को’ तेव्हा आठवलं. पण आठवून मी फडकं बदललं नाही, कोटिंग घेतलं. त्या वर्षांत टेफ्लॉन कोटिंगची लाट होती. एका सर्व्हिस सेंटरात साडेतीन हजार देऊन करून घेतलं, दोन वर्षांच्या हमीसह. दोन पावसांत उतरलं. पुढे कळलं, तव्यावरचं टेफ्लॉन चिकटवायला तीनशे अंशांच्या वर तापवावं लागतं. एवढ्या उष्णतेत गाडीचा रंगच उरायचा नाही. मला मिळालं ते बरं पॉलिश होतं, नाव मोठं.

ऑक्टोबर २०१० मध्ये याच शहरातल्या उद्योजकांनी आणि व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशे मर्सिडीज विकत घेतल्या, सुमारे पासष्ट कोटींचा व्यवहार. बातमी देशभर गेली. आमच्यासारख्यांना त्यातून मर्सिडीज मिळाली नाही, पण तिच्यासाठी येणारं सामान मिळालं. जालना रोडला ‘डिटेलिंग’च्या पाट्या दिसू लागल्या आणि अॅक्सेसरीच्या दुकानांत परदेशी बाटल्या. पिवळसर मेणाचा पहिला डबा मी तेव्हाच घेतला. कार्नौबा मेण; ब्राझीलच्या ईशान्येकडच्या एका ताडाच्या पानांवर ते पातळ पदरासारखं धरतं, पानं वाळवून झाडून काढतात. त्याची चमक मात्र खोटी नाही. काळ्या रंगाला त्यानं जी खोली येते ती नंतरच्या कुठल्या कोटिंगनं मला मिळाली नाही, हे माझं आजही मत आहे. पण मी ते मे महिन्यात, दुपारी, उन्हात तापलेल्या बॉनेटवर लावलं. ते असं बसलं की काढताना दंड भरून आले. बंपरच्या काळ्या प्लॅस्टिकवर उडालेले पांढरे डाग दात घासायच्या ब्रशनंही गेले नाहीत. सावलीत, गार पत्र्यावर, पातळ थर, एका वेळी एक दार: एवढं कळायला एक डबा गेला. आणि आमच्या उन्हात ते मेण दीड-दोन महिन्यांच्या वर टिकत नाही, हे कळायला दुसरा.

फवारे आणि टायरचं काळं याच काळातलं. डॅशबोर्डवर सिलिकॉनचा फवारा मारला की तो तुळतुळीत होतो आणि त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं. जालन्याकडून परतताना मावळत्या उन्हात एकदा त्यामुळे म्हैस उशिरा दिसली. म्हशीला काही झालं नाही. त्या दिवसापासून आत फक्त ओलसर फडकं.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं. मराठवाड्यात त्या उन्हाळ्यात गाडी धुणं ही लाजेची गोष्ट झाली होती. दारात पाइप लावलेला दिसला तर शेजारी नुसते पाहत, बोलत नसत. तेच पुरे होतं. आमचाही बोअर आटला. मी महिनाभर गाडी तशीच ठेवली आणि मग घरबसल्या शोधत ‘रिन्सलेस’ वॉशपर्यंत पोचलो. अर्ध्या बादलीत एक-दोन टोपणं टाकायची. त्यातली द्रव्यं धुळीच्या कणाभोवती बुळबुळीत आवरण धरतात, त्यामुळे कण फडक्यात उचलला जातो, पत्र्यावर घासत नाही. नंतर पाणी ओतावं लागत नाही. यासाठी मी जन्मात पहिल्यांदा मायक्रोफायबरची चांगली फडकी घेतली, सहा. एक फडकं चार घड्या घालून दोन्ही बाजूंनी आठ वेळा वापरता येतं. एका घडीनं एक भाग, सरळ रेषेत, मग घडी बदलायची. पाच-सात लिटरांत अख्खी गाडी. चिखलाला ही युक्ती चालत नाही, जुलैत आधी पाणी मारावंच लागतं. पण जुलैत ते आकाशातून येतं.

त्या सहा फडक्यांनी जे केलं ते आधीच्या सगळ्या बाटल्यांनी मिळून केलं नव्हतं. नवे गोल ओरखडे पडायचे थांबले. फडकं जमिनीवर पडलं की ते गाडीसाठी बाद, चाकांकडे जातं. सुती कपड्यांबरोबर ते धुवायचं नाही, नाहीतर धागे धरून बसतं. कंफर्टसारखं मऊ करणारं द्रव्य त्याला लावायचं नाही, नाहीतर पाणी शोषत नाही. घरात हे नियम पाळले जावेत म्हणून मी त्यांच्या कडेला लाल दोऱ्याची टीप मारून घेतली. तरी एकानं गॅसची शेगडी पुसली गेलीच.

२०२० च्या टाळेबंदीत सगळे घरी बसले आणि सगळे डिटेलर झाले. परदेशातल्या चित्रफिती पाहून मी दोन बादल्यांची पद्धत सुरू केली: एकीत शाम्पू, दुसरीत फक्त हातमोजा खळबळायचं पाणी, म्हणजे काढलेली वाळू पुन्हा गाडीवर जात नाही. पद्धत उत्तम. पण आईनं दुसरी बादली पाहिली आणि तीसेक वर्षांपूर्वीचीच तक्रार केली. तेव्हा नळाला पाणी आठवड्यातून एकदा येत होतं. त्याच डिसेंबरात सोळाशे ऐंशी कोटींच्या नव्या पाणीपुरवठा योजनेचं भूमिपूजन झालं. तिची अडीच मीटर व्यासाची जलवाहिनी पुढे कित्येक वर्षं पैठण रस्त्याच्या कडेला पाहायला मिळाली. तिच्या खोदकामाची धूळ माझ्या गाडीवर कायम असे.

मग सिरॅमिक. स्टुडिओत पंधरा-वीस हजारांपासून पुढं सांगतात, ‘नाइन एच’ टणकपणा म्हणतात. ती परीक्षा पेन्सिलीच्या टोकाची आहे, दगडाच्या नव्हे. मी स्टुडिओत गेलो नाही, त्याचाच घरी मारायचा फवारा घेतला. लावणं सोपं, पाण्याचे थेंब मोत्यासारखे उभे. आणि तिथंच मी फसलो. नुसत्या रंगावर जड पाणी पसरतं. सिरॅमिकवर ते थेंब होऊन बसतं, आणि उन्हात प्रत्येक थेंब आटला की मागे क्षारांचं एक गोल कडं उरतं. त्यात घरात पाणी वाया जाऊ नये म्हणून मी आरओ फिल्टरनं बाहेर सोडलेलं पाणी शेवटच्या ओतण्याला वापरत होतो. फिल्टर जे क्षार काढतो ते त्याच पाण्यात जातात, म्हणजे बोअरहूनही जड पाणी मी कौतुकानं गाडीवर ओतत होतो. काळ्या बॉनेटवर देवीचे व्रण यावेत तशी कडी उमटली. बरीचशी पाण्यात पातळ केलेल्या व्हिनेगरनं, सावलीत, गेली. काही लेपात उतरली होती. ती अजून आहेत.

कारण सगळं घरातच दिसत होतं. आमच्या कुलरच्या जाळीवर दर मे महिन्यात पांढरी खरवड धरते, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. बॉनेटवर दुसरं काय होतं? आणि त्याच भिंतीवरच्या एसीच्या नळीतून ठिबकतं ते हवेतलं पाणी, जवळजवळ क्षाररहित. कोरड्या उन्हाळ्यात कमी मिळतं, जून लागला की रात्रीत बादली भरते. शेवटचं ओतणं आता त्याचं. त्यानंतर लगेच पुसलं नाही तरी डाग पडत नाही.

फळीवर परत ठेवल्या त्या वस्तू: रिन्सलेसची बाटली, पावसाळ्यासाठी सौम्य शाम्पू, मोजा, लाल टिपेची फडकी, काचेसाठी वेगळं फडकं, चाकांचा ब्रश, आणि कार्नौबाचा डबा, तोही दिवाळी-पाडव्यापुरता. चौदा नग भंगारवाल्यानं नेले नाहीत, बाटल्या रिकाम्या नव्हत्या म्हणून. वडिलांचा गंजका डबा मीच ठेवून घेतला. दोन बादल्यांपैकी एक एसीच्या नळीखाली आहे. दुसरी आईनं नेली.