लहान सांगाड्यातली मोठी ताकद

केडगावात लूना मोपेडवर तिघांना पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट लगेच कळेल. यंत्र ओढतं, पण झीज आत चालू असते. एका रिव्हॉल्व्हरचंही तसंच झालं.

१९३५ साली आलेलं .३५७ मॅग्नम काडतूस जड, मोठ्या सांगाड्याच्या रिव्हॉल्व्हरसाठी होतं. दिवसभर कमरेला ओझं नको, म्हणून अमेरिकी सीमा गस्ती दलातल्या बिल जॉर्डन यांनी मध्यम सांगाड्याचा आग्रह धरला आणि १९५५ मध्ये स्मिथ अँड वेसनचं ‘कॉम्बॅट मॅग्नम’ आलं. पुढे त्याला ‘मॉडेल १९’ हा क्रमांक मिळाला.

मेख नळीच्या मागच्या तोंडाशी आहे. सिलिंडरमधून सुटलेली गोळी इथेच नळीत शिरते. जागा अपुरी पडल्याने या तोंडाची खालची कड तासून सपाट केलेली होती. तिथेच धातू सर्वांत पातळ. सुमारे आठ ग्रॅमच्या हलक्या, जोरकस मॅग्नम गोळ्या सतत झाडल्या, की नेमकी तिथे चीर जाई. १९८० च्या सुमारास कंपनीने मूठ तेवढीच ठेवून थोडा भक्कम ‘एल’ सांगाडा काढला. १९९९ मध्ये मॉडेल १९ बंद झालं, २०१८ मध्ये नव्या रूपात परतलं.

तरी शौकीन जुनंच शोधतात. मला ते पटतं. इतका सुरेख तोल क्वचितच साधतो. सरावाला सौम्य .३८ स्पेशल काडतूस वापरलं, तर हे रिव्हॉल्व्हर दीर्घकाळ टिकतं.