लेन्सला बुरशी लागू नये म्हणून

जुलैत पन्हाळा–पावनखिंड करून किंवा आंबा घाट भटकून आलात, की कॅमेरा ओल्या बॅगेत ठेवू नका. चामड्याचं कव्हर तर बुरशीचं माहेरच! हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांवर टिकली की धोका वाढतो. पावसाळ्यात शाहूवाडीच्या घाटपट्ट्यात ती त्याखाली क्वचितच उतरते. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ४० ते ५० टक्के राखा. तांदूळ नको, त्याचं पीठ आत जातं. जेलचे निळे खडे गुलाबी झाले की तापवून वाळवा, पण स्वयंपाकाच्या तव्यावर नव्हे, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं.

लेन्सच्या मागून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर लेन्स वेगळी ठेवा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या. बुरशी पुसली जाते; तिच्या आम्लाने खाल्लेला काचेवरचा लेप मात्र परत येत नाही.