काँगो रेड : सुताचा रंग, डोळ्याची परीक्षा

कापूस सहजासहजी रंग धरत नाही, हे सोलापूरकराला सांगायला नको. पूर्वी सुताला आधी हिरडा-तुरटीचा हात द्यावा लागे. १८८३ साली पॉल ब्योटिगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काँगो रेड बनवला आणि ती खटपट टळली. सूत सरळ रंगाच्या पाण्यात बुडवायचे. पण आम्ल लागले की हा रंग निळा पडे, शिवाय ज्या बेन्झिडीनपासून तो बनतो ते कर्करोगकारक. कापडाच्या धंद्यातून तो बाद झाला. पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेतले त्याचे स्थान मात्र अजून कुणी हलवलेले नाही.

तिथे त्याचे काम अमायलॉइड ओळखण्याचे. शरीरातले एखादे प्रथिन चुकीची घडी घेते, त्याचे तंतू होतात आणि ते अवयवांत साचतात. हे तंतू काँगो रेड धरतात, हे बेनहोल्ड या संशोधकाने १९२२ मध्ये दाखवले. एकमेकींना आडव्या ठेवलेल्या दोन ध्रुवण-पट्ट्यांमधून पाहिले, की तांबूस डाग हिरव्या सफरचंदाच्या रंगाने चमकतो.

डोळ्यात हा साठा बहुधा व्हिट्रियसमध्ये, म्हणजे भिंगामागच्या पारदर्शक जेलीत होतो. स्लिट लॅम्पखाली ती पिंजलेल्या कापसासारखी दिसते. कधी भिंगाच्या पाठीला पांढरे ठिपके चिकटलेले असतात. ही मोठी खूण. पण जुना रक्तस्राव, युव्हायटिस (डोळ्याच्या आतला दाह), लिम्फोमा यांचेही चित्र असेच भासू शकते, आणि रुग्ण स्टेरॉइडचे थेंब घालत बसतो. आनुवंशिक प्रकारात दोषी प्रथिन असते ट्रान्सथायरेटिन. ते मुख्यतः यकृतात तयार होते, पण डोळ्यातही होते. म्हणून यकृत बदलले तरी डोळ्यातला साठा वाढतच राहू शकतो. पायांची बधिरता, मनगटातली दबलेली नस, हृदयाचा त्रास हे या आजाराचेच भाऊबंद. आपल्याकडे पाय बधिर झाले की सगळे खापर साखरेवर फुटते, ही खरी अडचण.

निदान पक्के होते ते व्हिट्रेक्टॉमीत, म्हणजे व्हिट्रियस काढण्याच्या शस्त्रक्रियेत, काढलेल्या जेलीवरून. डोळ्यात सलाइन सुरू करण्याआधीच, पाणी न मिसळलेला नमुना घ्यायचा आणि त्यावर काँगो रेड चढवायचा. प्रथिन नेमके कोणते, हे मास स्पेक्ट्रोमेट्री सांगते. घराण्यातला दोष जनुक-चाचणी. शेवटच्या दोन्ही महाग आणि मोठ्या शहरातल्या. पहिलीला मात्र रंगाची बाटली, दोन ध्रुवण-पट्ट्या बसवलेला सूक्ष्मदर्शक आणि जाणती नजर एवढेच लागते. माझ्या मते उणीव यंत्राची नाही, संशयाची आहे.

तेव्हा पडद्याच्या डॉक्टरांनी व्हिट्रियस काढायचे ठरवले, तर घरात कुणाचे पाय बधिर झाले होते, कुणाची नजर अशीच धूसर झाली होती, ते आधी सांगा. आणि काढलेला नमुना तपासणीला जाणार आहे ना, हेही विचारा.