वाचा परत येते, तिला अवधी द्यावा लागतो

मेंदूतील गाठ भाषेच्या भागात असल्याचे समजताच कुटुंबीयांचा पहिला प्रश्न असतो, "शस्त्रक्रियेनंतर यांना बोलता येईल ना?" आज या प्रश्नाचे उत्तर पूर्वीपेक्षा पुष्कळ आशादायक आहे. ते आम्ही येथे सोप्या शब्दांत मांडत आहोत.

पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी १८६१ साली मेंदूच्या डाव्या बाजूच्या पुढील भागाचा उच्चाराशी असलेला संबंध दाखविला. कार्ल वेर्निके यांनी १८७४ साली त्याच बाजूच्या मागील भागाचा आकलनाशी असलेला संबंध वर्णिला. त्यावरून भाषेची केंद्रे कायमची ठरलेली असतात, असा समज दीर्घकाळ रूढ झाला. प्रत्यक्षात भाषा हे अनेक भागांना जोडणारे जाळे असून त्याची मांडणी व्यक्तिपरत्वे बदलते.

पक्षाघातात हे जाळे काही मिनिटांत तुटते. सावकाश वाढणाऱ्या ग्लायोमा प्रकारच्या गाठी मात्र वर्षानुवर्षे वाढत असतात. त्या अवधीत शेजारचे भाग, क्वचित उजव्या बाजूचे भागही, भाषेचे काम उचलतात. म्हणूनच मोठी गाठ असूनही काही रुग्ण सुरळीत बोलतात. वेगाने वाढणारी गाठ मेंदूला एवढी सवड देत नाही. तसेच खोलवरच्या जोडतंतूंना इजा झाल्यास त्यांची जागा सहसा दुसरे तंतू घेऊ शकत नाहीत.

या तंतूंना जपण्यासाठी निवडक रुग्णांवर जागेपणी शस्त्रक्रिया केली जाते. मेंदूच्या ऊतींना स्वतःला वेदना जाणवत नाही. रुग्ण चित्रे पाहून नावे सांगतो, तेव्हा शल्यविशारद सौम्य विद्युतप्रवाहाने एकेक जागा तपासतात. शब्द अडला, की ती जागा राखली जाते. रुग्ण घरी मराठी आणि कामावर हिंदी बोलत असेल, तर दोन्ही भाषांत चाचणी घेणे हितावह असते. फ्रान्समधील ह्यूग द्युफो व त्यांच्या सहकाऱ्यांना काही रुग्णांच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेत असे आढळले, की पूर्वी राखलेल्या जागेचे काम दरम्यानच्या वर्षांत अन्यत्र गेले होते. त्यामुळे उरलेल्या गाठीचा आणखी भाग काढता आला.

शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीला बोलणे अडखळणे किंवा थांबणे संभवते. अशा पद्धतीने भाषेच्या जागा राखल्या असल्यास बहुतेक रुग्णांत काही आठवड्यांत ते सुधारू लागते व साधारण तीन महिन्यांत बरेच पूर्ववत होते. किरणोपचाराच्या काळात थकव्यामुळे शब्द सुचण्यास विलंब लागू शकतो. बोलण्यात नव्याने बिघाड जाणवल्यास मात्र डॉक्टरांना त्वरित कळवावे.

या काळात नियमित वाचोपचार व घरातील संभाषण हाच मेंदूचा व्यायाम होय. रुग्णाचे वाक्य आपण पूर्ण करू नये; प्रश्न लहान असावेत आणि उत्तरासाठी थांबावे.

शस्त्रक्रियेचा खर्च सर्वांना दिसतो. पुढील उपचारांसाठीच्या खेपा, गाडीभाडे आणि सोबत येणाऱ्याची बुडणारी रोजंदारी सहसा दिसत नाही. त्यापायी उपचार अर्धवट सुटले, तर परत येऊ शकणारी वाचाही मागे राहते. दात्यांनी आपल्या औदार्यात या खर्चासही स्थान द्यावे, ही नम्र विनंती.