काठी चार नंबरची, चूक सहा नंबरची

"वीकेण्डला काय करायलीस?" असं मैत्रिणी विचारतात. मी "फ्लाय फिशिंग" म्हटलं की फोनवर तीन सेकंद शांतता. आणि मग हमखास, "म्हणजे माशा मारायलीस?" फ्रीलान्सरला हा टोमणा तसाही रोजचाच.

पण बॉस, प्रकरण सॉलिड आहे! सुरुवात झाली ती अमेरिकेहून आलेल्या आतेभावाच्या बॅगेतून. त्याने मला साडेआठ फुटी, चार तुकड्यांत जोडली जाणारी काठी दिली. वजन शंभर ग्रॅमच्या आत, म्हणजे माझ्या मोबाईलपेक्षा हलकी. सोबत छोटं रीळ. काठीवर बारीक अक्षरांत एक आकडा, 4. दोरी मात्र नव्हती. "ती तू घे," म्हणून साहेब विमानात बसले.

मी ऑनलाइन सर्च केला, एका लेखाचा आख्खा चेक खर्ची घातला आणि दोरी मागवली. सहा नंबरची. माझा फंडा साधा होता : जाड म्हणजे मजबूत, मजबूत म्हणजे मोठा मासा.

रविवारी सकाळी विष्णुपुरीकडच्या एका मोकळ्या मैदानात प्रॅक्टिसला उभी राहिले. पहिला अडथळा रिळातच, दोरी एवढी जाडजूड की शेवटचे वेढे रिळाच्या कडेला घासत होते. मग हात मागे नेला, पुढे आणला. काठी मुठीपर्यंत वाकली आणि दोरी दहा फुटांवर ढिगाऱ्यासारखी पडली. दुसऱ्या वेळी माझ्याच ओढणीत अडकली. क्रिकेट खेळणारी पोरं बॅट टाकून बघायला आली, यावरून काय ते ओळखा.

वैतागून लातूरला मामाला फोन लावला. मामा म्हणजे मांजरा धरणावरचा जुना गळवाला. बांबूची काठी, तंगूस, शिशाची गोळी, तरंगायला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा आणि गळाला कणकेचा गोळा. एवढ्यावर त्याने रोहू काढलेत. पण 2016 मध्ये धरण कोरडं पडलं, मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात तो भेगाळलेल्या तळात जाऊन आला. आल्यावर काठी माळ्यावर टाकली. त्यानंतर विषय काढला की उठून जायचा. त्या दिवशी मात्र त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "शिसं कुठं लावलीस?"

तिथेच तर गंमत आहे! आपल्या गळात वजन टोकाला असतं, ते फेकलं की मागून हलकं तंगूस जातं. फ्लाय म्हणजे पिसं-धागा गुंडाळून केलेला नकली किडा, त्याला वजन जवळपास नसतंच. म्हणून इथे फेकायची असते ती दोरी, किडा नुसता तिच्या मागे जातो. वजन सगळं दोरीत, आणि नंबर त्या वजनाचाच. दोरीचे पुढचे तीस फूट तोलले तर चार नंबर भरतो साधारण पावणेआठ ग्रॅम, पाच नंबर नऊच्या आसपास, सहा नंबर साडेदहाच्या जवळ. कागदावर फरक किरकोळ वाटतो, पण हलकी काठी एवढ्याशानेच दबते. दोरी उलट फार हलकी घेतली तर काठी वाकतच नाही, मग सगळी मेहनत खांद्याला.

"ही तर आसुडाची गत," मामा म्हणाला. "मुठीकडं जाड, टोकाला बारीक." नेमकं! दोरीच्या टोकाला तर पुढे नऊ फुटांचं निमुळतं नायलॉनही बांधतात. मी हे समजून घ्यायला चार रात्री व्हिडिओ बघितले होते.

मग दुसरी दोरी. यावेळी विचारून, वाचून. डबीवरचा कोड वाचता आला की अर्धं काम होतं. 'डब्ल्यूएफ-4-एफ' म्हणजे वजन पुढच्या भागात, चार नंबर, तरंगणारी. 'डीटी' लिहिलेली दोरी दोन्ही टोकांना सारखी निमुळती असते. एक टोक झिजलं की उलटी लावायची, काटकसरी मंडळींसाठी बेस्ट. वीस-तीस फुटांत दोन्हींत फारसा फरक जाणवत नाही, पण धरणावर वारा असतो आणि कधी लांबही टाकावं लागतं, म्हणून मी डब्ल्यूएफ घेतली. दुकानदार पाच नंबर सुचवत होता. काठी फार कडक असेल आणि जवळच टाकायचं असेल तर एक नंबर वर चालतो. माझी काठी मऊ आहे, मी चारवर ठाम राहिले.

आणि एक गोष्ट, जी परदेशी रिव्ह्यू वाचणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. बऱ्याचशा दोऱ्या ट्राउटच्या थंडगार पाण्यासाठी बनतात. आपल्या बेचाळीस डिग्रीत त्यांचं आवरण मऊ, चिकट होतं आणि दोरी काठीच्या कड्यांतून सरकेनाशी होते. गरम हवेसाठी कडक दोरी वेगळी मिळते, डबीवर 'ट्रॉपिकल' किंवा 'वॉर्म वॉटर' बघा. डिसेंबरच्या पहाटे तीच दोरी स्प्रिंगसारखी वेटोळी घालते, तेव्हा हाताने ताणून सरळ करायची. गाडीच्या डॅशबोर्डवर मात्र कुठलीच ठेवू नका. डास पळवणारं क्रीम लावलेल्या हाताने धरूही नका, आवरण खराब होतं.

नवी दोरी घेऊन धनेगावला गेलो, मामा आणि मी. आधी मच्छीमार संस्थेत जाऊन परवानगी घेतली. धरणातली मासेमारी त्यांच्याकडे, त्यांच्या पोटावर आपला छंद नको, हा मामाचा नियम. पाणी भरलेलं होतं. मामा बराच वेळ काठावर नुसता उभा राहिला. मी काठी पुढे केली तर म्हणाला, "तूच टाक."

पाच-सहा वेळा टाकल्यावर दोरी सरळ जाऊन अलगद पडली. आवाजच नाही! त्यानंतर मामाने काठी मागितली. पोरगं आसूड फिरवायला शिकतं तसा त्याने दोन-तीनदा हात फिरवून बघितला. तासाभराने त्याच्या गळाला तळहाताएवढी चिलापी लागली. चिलापी मूळची आफ्रिकेतली, आपल्या पाण्यात माजलेली, त्यामुळे सोडायचा प्रश्नच नव्हता. हलकी काठी अशी थरथरत होती, जणू पाच किलोचा कटला आहे! "काय बोलायली ही!" मामा हसत होता. काठीबद्दल म्हणाला की माशाबद्दल, माहीत नाही.

संध्याकाळी त्याने ओल्या फडक्याने सगळी दोरी पुसून काढली, मी न सांगता. मग माळ्यावरून बांबूची काठीही उतरवली.

सहा नंबरची दोरी मामीने ठेवून घेतली. नव्वद फूट, भडक केशरी. गच्चीत या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधली आहे, वर मामाच्या दोन लुंग्या आणि माझी ओढणी.