खोकताना डोके दुखते? मूळ शोधा



पान पिवळे पडले की आम्ही आधी मूळ पाहतो, मगच खत सांगतो. डोकेदुखीचेही तसेच.

मोळी उचलताना, खोकताना, शिंकताना डोक्यामागे कळ येत असेल तर नुसत्या गोळ्यांवर भागवू नका. ‘कियारी’ या बहुधा जन्मजात दोषात लहान मेंदूचा खालचा भाग कवटीच्या तळच्या छिद्रातून मानेत उतरतो. हान्स कियारी यांनी १८९१ साली त्याचे वर्णन केले. एम.आर.आय.मध्ये तो दिसतो.

अहवालात हे नाव आले म्हणून घाबरू नका. कित्येकांना काहीच त्रास नसतो. डॉक्टरांना सरळ विचारा, “माझे दुखणे यामुळेच का?” मात्र हात बधिर होणे, तोल जाणे, गिळताना ठसका लागणे, असे असल्यास थांबू नका. पुलगावकरांना सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय जवळच आहे.